वरची मंडळी

आमच्या आजीचा असा ठाम समज होता की टीव्हीवरच्या जेटसन कुटुंबातली सगळी माणसं वारलेली आहेत. तिच्या बाजूने पाहिलं तर त्यात काही वावगं नव्हतं. आमच्याकडे माणूस वर जातो तो एकदाच, आणि गेल्यावर तिथून तो शाळेत, बाजारात किंवा कामावर जात नाही. ही मंडळी मात्र कायमची वरच मुक्कामाला होती. उंच खांबावर भोवऱ्यासारखं टेकवलेलं घर, काचेचा घुमट असलेली गाडी, चहूकडे आभाळ, आणि खाली जमिनीचा मागमूस नाही. नवरा, बायको, वयात आलेली मुलगी, शेंडेफळ मुलगा आणि सोबत एक कुत्रा. कुत्राही वर पोचलाय हे पाहिल्यावर आजीला धर्मराज आठवला आणि तिच्या मनात उरलीसुरली शंका राहिली नाही. नवल तिला एकाच गोष्टीचं वाटायचं. स्वर्गात जाऊनही हा नवरा कामावरून चिडचिडत घरी येतो, बायको पैसे मागते आणि मुलगी आरशासमोरून हलत नाही. "मेल्यावर बी यायची कटकट नाही मिटली रे भो," असं म्हणून ती पुन्हा वाती वळायला लागायची. समईच्या त्या वाती आणि पडद्यावरची ती विमानं, दोन्ही एकाच खोलीत, एकाच चाळीस वॅटच्या कृपेवर तग धरून असायची.

पहूर हे जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, जामनेर तालुक्यातलं गाव. बाहेरच्याला ते एकच वाटतं, पण आत शिरलं की दोन निघतात, पहूर पेठ आणि पहूर कसबे, आणि ग्रामपंचायतीही दोन. पाचोरा, जामनेर, जळगाव, अजिंठा, कुठेही जायचं म्हटलं तरी पहूर लागतं. मात्र 'मला पहूरलाच जायचंय' असं कंडक्टरला सांगणारा माणूस विरळाच, आणि तो बहुधा आमचा पाहुणा असायचा. अशा गावात, कार्टून नेटवर्क भारतात आल्याला तीनेक वर्षं होऊन गेल्यावर, केबलची काळी वायर एकदाची पोचली. धाब्याच्या घरांवरून, कडुनिंबाच्या फांद्यांना वेढे घालत, कुणाच्या वाळवणाच्या बाजेखालून ती आली आणि आमच्या लाकडी दारांच्या टीव्हीला येऊन मिळाली. टीव्ही कृष्णधवल होता. जेटसन मंडळींचं आभाळ खरं म्हणजे फिरोजी की केशरी, हे आम्हाला पुढे कितीतरी वर्षं कळलं नाही. आमच्यापुरतं ते राखाडी होतं, मृगाच्या आधी आमच्याकडे होतं तसं.

पुढे कधीतरी वाचनात आलं की यात आम्ही एकटे नव्हतो. टॉम आणि जेरीला जन्म देणाऱ्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने आधी 1960 मध्ये एक कुटुंब अश्मयुगात नेऊन बसवलं होतं, ते फ्लिंटस्टोन. मग तशाच एका कुटुंबाला स्वच्छ आंघोळ घालून त्यांनी शंभर वर्षं पुढे पाठवलं. 23 सप्टेंबर 1962 या रविवारी अमेरिकेत 'द जेटसन्स'चा पहिला भाग लागला. एबीसी या वाहिनीचा तो पहिला रंगीत कार्यक्रम, पण तेव्हा तिथल्याही बहुतेक घरांत टीव्ही कृष्णधवलच असल्याने रंग वाहिनीच्या ताटात राहिला आणि लोकांच्या वाट्याला आमच्यासारखंच राखाडी आभाळ आलं. चोवीस भाग झाले आणि मालिका बंद पडली. मग गंमत अशी झाली की एखाद्या कीर्तनकाराने मोजकी आख्यानं घेऊन आयुष्यभर गावं पालथी घालावीत, तसे हेच चोवीस भाग वर्षानुवर्षं शनिवारी सकाळी फिरत राहिले, आणि पाहणाऱ्यांना वाटत राहिलं की हे कधी संपलंच नव्हतं. नवे भाग निघाले ते थेट 1985 मध्ये. आमच्या पहूरला जुने लागायचे की नवे, कुणास ठाऊक. इंग्रजीतून लागायचे एवढं मात्र खरं.

इंग्रजीची जबाबदारी ताईकडे होती. ती आठवीत होती आणि घरात इंग्रजीतली सगळ्यात शिकलेली. पडद्यावर काहीही चाललेलं असो, ताईचं भाषांतर न अडखळता सुरू असायचं. फक्त ते भाषांतर आमच्या घराच्या सोयीचं असायचं. "ती आई म्हणतेय, आधी दूध पी." "ते वडील म्हणताहेत, धाकट्याने मोठ्या बहिणीचं ऐकावं." त्या यंत्रमोलकरणीच्या, म्हणजे रोझीच्या, तोंडी तर तिने 'पाढे पाठ झाले का' हे इतक्या वेळा घातलं की रोझी आमच्या शाळेत पूर्वी बाई असावी, असं मला वाटू लागलं होतं. मी मोठा झालो, इंग्रजी शिकलो, ते भाग पुन्हा पाहिले. खरे संवाद ऐकून थोडी निराशाच झाली. ताईच्या जेटसनमध्ये शिस्त जास्त होती.

इंग्रजी शिकल्याचा एक फायदा मात्र झाला. जॉर्ज जेटसन ज्या कारखान्यात कामाला जातो त्याचं नाव 'स्पेसली स्प्रॉकेट्स'. लहानपणी मला वाटायचं, स्प्रॉकेट म्हणजे रॉकेटचंच काहीतरी; आभाळातल्या कारखान्यात दुसरं काय होणार? शब्दकोशात पाहिलं तर स्प्रॉकेट म्हणजे दात्यांचं चाक. सायकलच्या पायडलजवळ असतं ना, ज्यावरून चेन फिरते, ते. मी कोश मिटून बराच वेळ बसून राहिलो. जिथे चाकच उरलेलं नाही, गाड्या पाखरांसारख्या जाताहेत, तिथला सगळ्यात धनाढ्य शेठ सायकलच्या चकत्या विकतो! त्याचा प्रतिस्पर्धी कॉगस्वेल, तोही दात्यांची चाकंच विकतो, आणि या दोघांची एकमेकांवरची कुरघोडी मालिकाभर चालते. एवढी चाकं लागत कुणाला होती? काढणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न आला नसेल असं नाही. मला वाटतं, येऊनही त्यांनी तो हसून सोडून दिला असावा. कारण शेठ कसला का असेना, शेठ लागतोच. आभाळ नवीन निघेल, ओरडणारा जुनाच असेल.

हे आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, इंग्रजी न येताही समजलं होतं. दादा एका जिनिंगमध्ये मुनीम होते. कापसाच्या गाडीतून बोंडभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्याचा धागा ओढायचा आणि लांबी डोळ्यांनी मोजायची, हे त्यांचं काम. दिवसभरात असे किती धागे ओढले जात असतील याचा हिशेब नाही. घरी आल्यावर त्यांच्या बाहीवर, भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाचं बारीक तूस असायचं, आणि ते दारात उभे राहिले की मागच्या उजेडात ढगातून उतरल्यासारखे दिसायचे. जेटसन ते बघत नसत, पण पडद्यावर भिंतीतून अचानक शेठचं तोंड उगवून जॉर्जवर खेकसायला लागलं की ताटावरून मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, "घरात घुसला का हा?" एका भागात जॉर्जची बायको जेन पडद्यासमोर बसून फक्त बोटांचा व्यायाम करते, कारण घरात बटणं दाबून दाबून तिची बोटं दमलेली असतात. यावर आईने आजीकडे पाहिलं, आजीने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, आणि दोघी जे हसल्या ते हसू मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यात टिंगल नव्हती. दूरच्या नात्यातल्या कुणाचं दुखणं कानावर यावं आणि ते फारसं मोठं नाही हे कळून बरं वाटावं, तसं काहीतरी होतं.

पण आम्हा पोरांना मालिकेत सगळ्यात जास्त आवडायचं ते सुरुवातीचं गाणं, किंवा गाण्यासोबतचं चित्र. जॉर्ज सगळ्या कुटुंबाला गाडीत घालून निघतो. आभाळातून जाता जाता आधी धाकट्या एलरॉयला एका छोट्या काचेच्या गोळ्यात बसवून शाळेवर सोडतो. मग मुलीला, जुडीला, तिच्या हायस्कूलवर. मग जेनला बाजारात. ती उतरताना जॉर्ज पाकिटातून एक नोट काढून तिच्यापुढे करतो, तर ती नोट त्याच्याच हातात ठेवून पाकीट घेऊन जाते. उरला एकटा जॉर्ज. तो कामावर पोचतो, एक बटण दाबतो, आणि गाडीची घडी होत होत तिची हातात धरायची पेटी होते. हरभऱ्याची उसळ मंद आचेवर शिजताना झाकणाखाली जो बुडबुड आवाज होतो, तसा त्या गाडीचा आवाज. माझा धाकटा भाऊ तो आवाज तोंडाने इतका हुबेहूब काढायचा की आई एकदा खरंच चुलीकडे धावली होती.

हे चित्र आवडायचं त्याचं कारण उघड होतं. ते आमचंच होतं. दादांकडे लुना होती. लुनाची जाहिरात एकदोन माणसांची असेल. आमची पाच जणांची होती. धाकटा पुढे हँडलला धरून उभा, मागे दादा, दादांना चिकटून मी, माझ्यामागे ताई, आणि सगळ्यात मागे कॅरियरवर आई, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिठाचा डबा. कायद्याला ते मान्य नसणार, पण कायदा बहुधा जळगावला राहत असावा. चढ आला की लुना दमायची. मग आई आपणहून उतरायची आणि डबा कमरेवर घेऊन चालत वर यायची, आणि आम्ही चढाच्या माथ्यावर तिची वाट पाहत थांबायचो. दादा पायडल मारून लुनाला उभारी द्यायचे. त्या पायडलजवळ, बघा, दात्यांचं चाक होतं. स्पेसली शेठचा माल जात कुठे होता याचा उलगडा मला असा वीस वर्षांनी झाला. मग एकेकाची उतरणी. धाकटा प्राथमिक शाळेपाशी, मी थोडं पुढे, ताई हायस्कूलच्या फाटकात, आई गिरणीवर. आई उतरली की दादा खिशात हात घालून एक नोट काढायचे. आई ती घ्यायची, बघायची, परत त्यांच्या खिशात कोंबायची. "राहू द्या, तुम्हाला चहाला लागतील." मग एकटे दादा. मी शाळेच्या खिडकीतून बघायचो. पाच जणांना घेऊन धापा टाकणारी लुना आता सुसाट जायची आणि दादा एकाएकी बारीक दिसायला लागायचे, घडी होत होत पेटीएवढे.

विजेचं मात्र आमचं आणि वरच्या मंडळींचं जमलं नाही. भारनियमन हा शब्द आम्ही बाराखडीच्या जोडीने शिकलो. मालिका संपताना जॉर्ज कुत्र्याला फिरवायला नेतो. आभाळात रस्ता कुठला, म्हणून घराबाहेर एक फिरता पट्टा आहे, त्याच्यावर दोघं चालतात. मध्येच मांजर येतं, कुत्रा त्याच्यामागे धावतो, पट्टा भलताच वेगात फिरायला लागतो. कुत्रा आणि मांजर बाजूला उडी मारून आरामात बघत बसतात आणि जॉर्ज पट्ट्याबरोबर गरागरा फिरत बायकोला हाका मारत राहतो. एका संध्याकाळी नेमक्या याच क्षणी लाइट गेली. पडद्यावर एक पांढरा ठिपका उरला, तोही विझला. अंधारात धाकट्याचा रडवेला आवाज आला, "आता तो फिरतच राहील?" ताई म्हणाली, "लाइट गेली म्हणजे पट्टापण थांबला असेल." यावर दादा बाहेरच्या बाजेवरून म्हणाले, "त्याच्याकडे नाही जात लाइट." आणि मग कुणीच काही बोललं नाही. रात्री उशिरा लाइट आली तेव्हा आमच्यातलं एकच माणूस जागं होतं. आजीने टीव्ही लावून पाहिला. त्या वाहिनीवर रात्री कार्टून संपून जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे. सकाळी तिने धाकट्याला शांतपणे सांगितलं, "उतरला रे तो. कोट घालून बिडी पेटवत होता."

आजीचा खरा आक्षेप वेगळाच होता, आणि त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. "यायचं वावर कुठी हाये?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ही मंडळी बटण दाबून जेवतात, कधी गोळी गिळून जेवल्याचं समाधान मानतात, हे ठीक; पण त्या गोळीतसुद्धा काहीतरी घालावं लागणार. मग हे जवारी कुठी पेरतात? कपाशी कुठी? जॉर्जच्या अंगावर सदरा होता म्हणजे कुठेतरी कपाशी होती, कपाशी होती म्हणजे वखर होता, वखर होता म्हणजे खाली कुणीतरी उन्हात उभं होतं. ते का दाखवत नाहीत? पुढे मला कळलं की या मालिकेत जमीन जवळजवळ दिसतच नाही, यावर पुष्कळ शहाण्या माणसांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. त्यांना विद्यापीठात जावं लागलं. आजीचं काम वातीवरून नजर न काढता झालं होतं.

उडणाऱ्या माणसांना जमीन हवी, हे मला दुसऱ्यांदा सांगितलं ते अजिंठ्याने. अजिंठा आम्हाला शेजार. लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेणारी वाघूर तीच पुढे आमच्या पहूरला येते, त्यामुळे ती लेणी आमच्या नदीची माहेरची माणसं, असं आम्ही समजतो. शाळेची सहल गेली होती. सतराव्या लेण्याच्या व्हरांड्यात मार्गदर्शकाने बॅटरीचा झोत वर टाकला आणि सांगितलं, हा इंद्र, या अप्सरा, हे गंधर्व, आभाळातून निघालेत. धाकटा माझ्याजवळ सरकून कुजबुजला, "यांची गाडी कुठंय?" गाडी नव्हती. पंखही नव्हते. ढगांचे पट्टे होते, वाजंत्री होती, आणि अख्खा गोतावळा कुठेतरी लग्नाला निघाल्यासारखा वाऱ्यावर चालला होता. मग ते उडताहेत हे कळतं कशावरून? त्यात एक अप्सरा आहे, डोक्याला फेट्यासारखं काही बांधलेली. तिच्या गळ्यातल्या माळा छातीवर सरळ लोंबत नाहीत. त्या एका अंगाला हेलावल्या आहेत. बस, एवढंच. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, कुणा चित्रकाराने वारा दाखवायला फक्त मोत्यांचे सर तिरके केले आणि दगडातल्या लेण्यात वारा सुटला. हॅना-बार्बेराच्या माणसांना त्यासाठी गाडीमागे रेघा माराव्या लागल्या. दोघांत थोर कोण हे मी ठरवणार नाही, मला दोघांनीही उडवलंय. पण मार्गदर्शक पुढे म्हणाला, हे सगळं काढलंय ते मातीच्या लिंपणावर. मातीत भाताचं तूस, गवत असलं काय काय कालवून भिंतीला लिंपलं, वर चुन्याचा पातळ हात दिला, आणि मग रंग. घरी येऊन मी हे आजीला सांगितलं. तूस कालवलेली माती म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "मंग ते खरे असतीन," ती म्हणाली.

त्या गाण्यातलं चित्र आम्हाला आवडायचं खरं, पण त्याचा अर्थ आम्ही अर्धाच लावला होता. आम्हाला दिसायची ती भरलेली गाडी. ती रिकामी होत जाते हे डोळ्यांसमोर असूनही दिसलं नव्हतं. आधी ताई उतरली, पाचोऱ्याला कॉलेजात. पाचोरा ते जामनेर ही आमची छोटी रेल्वे, सगळे तिला 'पीजे' म्हणतात, नॅरोगेज, सगळी मिळून 56 किलोमीटरची वाट, आणि घाई हा शब्द तिच्या वेळापत्रकात नव्हता. शेंदुर्णी, पिंपळगाव, वरखेडी अशी एकेकाला उतरवत ती जायची. खिडकीतून हात बाहेर काढला तर तुरीची शेंग हातात यायची आणि शेतातल्या माणसाशी सुरू झालेलं बोलणं वाक्य पुरं होईपर्यंत टिकायचं. ताईला बसवून द्यायला आम्ही चौघं जायचो. मग ताई लग्न होऊन सुरतेला गेली. मग मी नाशिकला. मग धाकटा पुण्याला, जिथे तो दिवसभर बटणं दाबतो आणि बोटं दुखतात म्हणून मनगटाला पट्टा लावतो. मी त्याला जेनचा व्यायाम आठवून दिला तर तो हसला नाही. आजी तिच्या हिशेबाने वर गेली. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीत सगळ्या गाड्या थांबल्या, तशी पीजेही थांबली. बाकीच्या पुन्हा निघाल्या, ती मात्र तशी निघाली नाही, रुंद रुळांच्या गोष्टी सुरू झाल्या. शेवटची उतरणी झाल्यावर गाडीची पेटी होते, ती अशी.

मालिका 2062 सालची समजली जाते आणि जॉर्ज चाळिशीचा. म्हणून 2022 मध्ये जगभरच्या लोकांनी बोटं मोजून जाहीर केलं की यंदा जॉर्ज जेटसन जन्माला आला. मला ही गंमत फार आवडली. म्हणजे तो आत्ता कुठेतरी अंगणवाडीच्या वयाचा आहे. नाक वाहतंय, डबा सांडलाय, आणि आपल्याला पुढे दात्यांच्या चाकांच्या कारखान्यात काम करायचंय हे त्याला ठाऊक नाही. माझ्या भाचीच्या वयाचा. ती सुरतेहून आईला व्हिडिओ कॉल करते. जेनला सकाळी सकाळी मैत्रिणीचा असाच कॉल यायचा, तेव्हा ती विस्कटलेल्या चेहऱ्यावर एक तयार मुखवटा चढवायची. आई पदराने तोंड पुसते, टिकली सारखी करते, मग बटण दाबते, आणि एवढं करून मोबाइल असा धरते की आम्हाला अर्धी टिकली आणि छताचा पंखा दिसतो. कधी आवाज जातो. तिचे ओठ हलत राहतात. अशा वेळी पुण्याच्या चौकोनातून धाकटा ताईच्या जुन्या सुरात भाषांतर करतो, "ती आई म्हणतेय, आधी जेवून घ्या." आवाज परत आल्यावर ताडून पाहिलं तर बहुतेकदा बरोबरच असतं.

गेल्या आखाजीला आम्ही सगळे पहूरला जमलो. आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. पण तुम्ही त्या दिवशी सोनं घेता आणि आमच्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात. घागर भरून झाली होती, खापरावरचे मांडे आणि आमरस झाला होता, उन्हाने पत्रे तडतडत होते. कडुनिंबाला दोर बांधला होता. भाची झोक्यावरून उतरायला तयार नव्हती, आणि ताई तिला ओरडता ओरडता स्वतःच बसली, मग तिने आईला ओढलं. आई नाही नाही म्हणाली. आजीसारखंच तिचंही म्हणणं असं की या वयात पाय जमिनीवर असावेत. मग तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि बसली.

पहिले दोन झोके नुसते कुरकुरले. तिसऱ्याला फांदी सरावली, चौथ्याला ताईने मागून जोर दिला, आणि आई पानांपर्यंत गेली. पुढे जाताना मंगळसूत्र तिच्या खांद्यावरून मागे गेलं, तिरकं, हेलावलेलं, थेट सतराव्या लेण्यातलं. धाकट्याने ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडून, पस्तिशीच्या माणसाच्या तोंडून, उसळ शिजल्याचा तो बुडबुड आवाज निघाला. भाची टाळ्या पिटत होती. वर गेल्यावर आईने काहीतरी सांगितलं, पण ते खालपर्यंत पोचलं नाही, आणि या वेळी भाषांतर करायला कुणी पुढे आलं नाही. झाडाखाली, उन्हाच्या कवडशांत, दादा तिच्या चपला हातात धरून उभे होते.